जुन्या सायकलचं फ्रीव्हील काढायला नेमकं कुठलं रिमूव्हर लागेल?

तुम्ही लिहिलंय की सायकल सत्तरच्या दशकातली, दहा गिअरची आहे. फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या हबवर आट्यांनी बसणाऱ्या दातेरी चक्रांच्या संचाच्या, तोंडाशी समोरासमोर दोन खाचा दिसतात आणि दुकानातून आणलेलं बारा दात्यांचं रिमूव्हर बसत नाही. ते बसणारच नाही. बारा दात्यांचं रिमूव्हर शिमानो पद्धतीच्या फ्रीव्हीलसाठी असतं. हल्लीची बहुतेक फ्रीव्हील त्यानेच निघतात, म्हणून विचारलं की तेच हातात पडतं.

दोन खाचा म्हटल्यावर पहिला संशय सनटूर या जपानी कंपनीवर जातो. त्यांच्या परफेक्ट आणि प्रो-कॉम्पे या फ्रीव्हीलना दोन खाचा होत्या, पुढच्या विनरला चार. पार्क टूल या सायकलची हत्यारं बनवणाऱ्या कंपनीचं दोन खाचांसाठी एफआर-२ आणि चारसाठी एफआर-३ मिळतं. पण लगेच मागवू नका. दोन खाचांची फ्रीव्हील रेजिनासारख्या युरोपीय कंपन्यांनीही काढली आणि सगळ्यांचं माप एक नाही. नावावरही फार विसंबू नका. श्विन या अमेरिकन सायकल कंपनीचं नाव असलेली कित्येक फ्रीव्हील मुळात दुसऱ्याच कंपन्यांनी बनवलेली आहेत.

आधी तोंड नीट साफ करा. जुन्या टूथब्रशला रॉकेल लावून खाचांमधला काळा थर पार खरवडून काढा. कधी कधी त्या थराखालून आणखी दोन खाचा निघतात आणि सगळा प्रश्नच बदलतो. मग व्हर्नियरने दोन मापं घ्या: एका खाचेच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या खाचेच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर, आणि खाचेची रुंदी. विकणाऱ्याकडून रिमूव्हरची हीच मापं मागवून ताडून बघा. (खाचांऐवजी आत वीस बारीक दाते निघाले, तर ते ॲटम किंवा रेजिना कंपनीचं असू शकतं. त्याला एफआर-४ लागतं.)

योग्य रिमूव्हर मिळालं तरी दोन खाचांचं प्रकरण नाजूकच. पेडल मारताना फ्रीव्हील सतत आवळत जातं, त्यामुळे इतक्या वर्षांत ते भयंकर घट्ट बसलेलं असतं आणि सगळा जोर त्या दोन छोट्या कडांवर येतो. रिमूव्हर जरा तिरकं झालं की निसटतं आणि कडा उडतात. म्हणून ते जखडल्याशिवाय पाना लावायचाच नाही. क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक सोडवायची कळ) असेल तर त्याची दांडी स्प्रिंग काढून परत घाला आणि रिमूव्हरवरून तिचा नट आवळा. साध्या एक्सलला एक्सलचाच नट वापरा. एक्सलवरचा लॉकनट किंवा स्पेसर आडवा येऊन रिमूव्हर तळापर्यंत जात नसेल, तर तो आधी काढा. अर्धवट बसलेल्या रिमूव्हरवर जोर लावणं म्हणजे खाचा घालवणंच.

आदल्या रात्री हब (चाकाचा मधला भाग) आणि फ्रीव्हीलच्या सांध्यात स्पोकच्या बाजूने पेनिट्रेटिंग ऑइल (जाम झालेल्या आट्यांत झिरपणारं तेल) सोडा. लांब पान्यापेक्षा मला बेंच व्हाइस (टेबलाला बसवलेला शिकंजा) कधीही बरा वाटतो. रिमूव्हर व्हाइसमध्ये पकडा, चाक त्यावर आडवं बसवा आणि रिम दोन्ही हातांनी धरून वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. 'कट्' करून सुटलं की तिथेच थांबा आणि जखडलेला नट सैल करा. नाहीतर बाहेर येणारं फ्रीव्हील त्याच नटावर येऊन अडकेल. पुढचं हाताने निघतं.

चाकाचे स्पोक मात्र आधी कापू नका. नवी रिम घालायची म्हणून लोक कापतात, आणि मग नुसत्या हबला पकडायला काही उरत नाही.

खाचा तुटल्याच, तर पुढच्या बाजूला दोन भोकांची चकती असते. तिचे आटे उलटे, म्हणजे ती घड्याळाच्या दिशेने सुटते. छिन्नीने ठोकून फिरवा. खाली कापड अंथरा, कारण छरे सगळीकडे पळतात. आतलं अंग थेट व्हाइसमध्ये आवळून चाक फिरवलं की हब मोकळा होतो, पण ते फ्रीव्हील मग गेलंच समजा.

नवं फ्रीव्हील घेण्यापूर्वी हबचे आटे बघा. आजची फ्रीव्हील १.३७ इंच व्यासाची, इंचाला २४ आट्यांची असतात. जुन्या फ्रेंच हबचं माप ३४.७ मिमी व्यास, १ मिमी पिच (लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर). ग्रीस लावून आधी नुसत्या बोटांनी फिरवून पाहा. एक-दोन फेऱ्यांतच अडलं तर उलटं फिरवून काढून घ्या. ॲल्युमिनियमचे आटे जबरदस्तीने लगेच कापले जातात.