लिस्बन आठ हजार किलोमीटर, मग पंधरा तास कसले?

प्रश्न (मडगाव): मुलगा लिस्बनला असतो. नेटवर अंतर 8,300 किमी दाखवतात, विमान ताशी 850 ने जातं म्हणजे दहा तास, पण तिकिटावर पंधरा-सोळा तास. दुबईवरून फिरवून नेतात म्हणून का?

फिरवून अजिबात नाही हो. नातवाच्या शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि गोव्यापासून लिस्बनपर्यंत दोरा ताणून धरा, दोरा दुबईला जवळजवळ चाटूनच जातो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवलीत तर रेघ ओमान, इजिप्तवरून जाते आणि दुबई उगाच वर राहिल्यासारखी दिसते, पण ती सपाट कागदाची फसवणूक. हिशेब सांगतो: गोवा-दुबई साधारण 2,200, दुबई-लिस्बन 6,140, बेरीज केली तर थेट अंतराइतकीच, फार तर दहा-वीस किमी जास्त. तुमचे तास जातात ते दुबईत दुसऱ्या विमानाची वाट बघत बसण्यात, शिवाय दोनदा चढणं दोनदा उतरणं. तेव्हा तिकीट काढताना किलोमीटर बघूच नका, मधला थांबा किती तासांचा तेवढं बघा. दीड तासाचा मात्र घेऊ नका, पहिलं विमान लेट झालं की पळापळ.

प्रश्न (म्हापसा): लंडनला जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, असं का? वाट तर तीच ना?

वाट तीच, वारा उलटा. वर दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, हिवाळ्यात तर फारच. गोवा-लंडन साधारण 7,600 किमी धरा. समोरून 50 चा वारा असला तर 850 चं विमान जमिनीच्या हिशेबाने 800 ने जातं, साडेनऊ तास. पाठीमागून तोच वारा असला तर 900, म्हणजे साडेआठच्या आत. झाला की नाही तासाभराचा फरक? मांडवीत होडी वल्हवलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न (फोंडा): आई पहाटे 4 ला निघून त्याच दिवशी दुपारी 1 ला लिस्बनला पोचणार, म्हणजे नऊच तास ना?

नाही, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या. उन्हाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तिथे 1 वाजता आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, प्रवास साडेतेरा तासांचा. हिवाळ्यात फरक साडेपाच. आईच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतील तर तिचं हातातलं घड्याळ गोव्याच्याच वेळेवर राहू द्या.

प्रश्न (काणकोण): मुंबई जेमतेम सव्वाचारशे किमी, तरी सव्वा तास?

अर्धा तासच लागला असता, पण विमान पूर्ण वेगाने जातं ते मधला थोडाच वेळ, बाकी सगळं चढणं-उतरणं. तिकिटावरची वेळ धरतात ती गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंत, त्यात रनवेपर्यंतची रांगही आली. मुंबईत दोन रनवे एकमेकांना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. गेल्या पावसाळ्यात मी पाऊण तास वर घिरट्या घालत होतो, खाली वसईची खाडी चार वेळा बघितली. आणि तुम्ही काणकोणचे, विमान मोपाहून असेल तर घरापासून शंभरेक किमी रस्ता आधी मोजा, दाबोळीहून मिळालं तर तेच घ्या.