कूलंट, बॅटरीचं पाणी आणि गाडीची ढेकर

या वेळी पेटीत निम्म्याहून जास्त पत्रं कूलंटचीच, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचीच निघाली, उन्हाळा तोंडावर आलाय म्हणून असेल. तेव्हा सगळं एकदाच घेतो, चेन आणि टायरवाले थोडं थांबा.

प्रश्न : दादा, माझी २०१९ची एनएस २०० बाईक आहे, ३१ हजार किमी झालेत आणि कूलंट एकदाही बदललेलं नाही. व्हिडिओ बघून सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच करावं म्हणतोय, जमेल का? आणि पाणी कुठलं मिसळू? घरी एसीचं पाणी बादलीभर जमतं, ते डिस्टिल्डच असतं ना? – एक वाचक, पिंपरी

जमेल की. पाना धरता येत असेल तर जमेल. पण एसीच्या पाण्याचं भूत आधी उतरवतो, कारण दर उन्हाळ्यात कोणीतरी हे विचारतंच. ते वाफेचं पाणी झालेलं असतं हे खरं, पण ते कॉइलवरची धूळ, बुरशी धुऊन पाइपातून खाली येतं, मग त्याला डिस्टिल्ड कसं म्हणायचं? झाडांना घाला. गाडीला डिस्टिल्ड वॉटर विकत आणा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात तेच. दुकानात नुसतं ‘बॅटरीचं पाणी द्या’ म्हणू नका, तिथे ॲसिडचे कॅनही शेजारीच असतात, लेबल वाचून घ्या.

आणि बोअरचं पाणी तर अजिबात नको. मी शिकाऊ असताना एका गाडीत बोअरचं पाणी भरलं होतं, पाणी ते पाणी असं वाटायचं तेव्हा. दोन वर्षांनी त्याच गाडीचा रेडिएटर (कूलंट गार करणारी पुढची जाळी) खोलला तर आत नळ्यांना पांढरा थर, आपल्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसा, नखाने खरवडला तर पापुद्रे निघत होते. त्या थरातून उष्णता बाहेर जायला बघत नाही, शिवाय अशा पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियम कुरतडतं ते वेगळंच.

सगळ्यात सोपं म्हणजे तयार मिसळलेलं कूलंट घ्या, त्यात पाणी घालायचंच नसतं. कॅनवर ‘रेडी टू यूज’ आहे की ‘कॉन्सन्ट्रेट’ ते बघा. कॉन्सन्ट्रेट असेल तर साधारण निम्मं निम्मं. काही जण विचार करतात की पाणी कशाला, पूर्ण कूलंटच ओततो, गाडी जास्त गार राहील. उलटं होतं. उष्णता वाहून न्यायचं काम पाणीच जास्त चांगलं करतं, कूलंटमधलं ग्लायकॉल आहे ते उकळू नये, गोठू नये म्हणून, आणि गंज धरू नये म्हणून त्यात बाकीची रसायनं. गंमत म्हणजे शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १२-१३ अंशालाच गोठतं आणि निम्मं पाणी घातलं की तेच उणे ३५च्या खाली जातं.

रंगावर जाऊ नका. हिरवं, निळं, गुलाबी हा कंपनीने टाकलेला रंग आहे, त्यावरून आतलं रसायन कळत नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घ्या आणि जुन्यात दुसऱ्या जातीचं मिसळू नका, काही जातींचं एकमेकांशी पटत नाही आणि आत लगदा होतो.

आता काम. गाडी रात्रभर उभी असू द्या, सकाळी चहाच्या आधी करा. रेडिएटरची कॅप म्हणजे कुकरचं झाकणच, आत दाब धरून ठेवते म्हणून शंभर अंशाच्या वर जाऊनही आतलं पाणी उकळत नाही. गरम गाडीची कॅप फिरवली की दाब सुटतो आणि सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. हाताला कोमट लागली तरी थांबा.

खाली जुनी परात किंवा टब ठेवा. पाण्याच्या पंपाच्या झाकणावर ड्रेनचा छोटा बोल्ट असतो, त्याखाली बहुतेक तांब्याचा वायसर. झाकणाचेही बोल्ट तिथेच असतात, ते खोलून बसू नका, मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून बघा. आणि इथे एक गोष्ट व्हिडिओत कोणी सांगत नाही : कॅप बंद असताना बोल्ट काढला की कूलंट रडतरडत थेंब थेंब येतं, आपल्याला वाटतं रिकामंच आहे, मग आपण वर जाऊन कॅप सैल करतो आणि खालून अशी धार सुटते की परातीच्या पलीकडे, थेट शेजाऱ्याच्या ॲक्टिव्हाच्या चाकावर. म्हणून परात जरा लांब धरा आणि कॅप हळूहळू सोडा, धार जवळ आली की परात मागे घ्या.

ओव्हरफ्लोची, म्हणजे जास्तीचं कूलंट जिथे जातं ती बाटलीही रिकामी करा, तळाला गाळ असतो, तो तसाच ठेवून वर नवं ओतण्यात काय अर्थ. पाइप काढायची कटकट नको असेल तर मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा.

निघालेलं स्वच्छ असेल, नुसता रंग फिका झालेला, तर धुवायची गरज नाही. तुमचं इतक्या वर्षांचं आहे, तांबूस किंवा गढूळ निघेल असं मला वाटतं. मग डिस्टिल्ड भरा, पाच-सात मिनिटं इंजिन चालवा, पूर्ण गार होऊ द्या आणि परत काढा, पाणी नितळ येईपर्यंत. फक्त लक्षात घ्या, धुतल्यावर थोडं पाणी इंजिनच्या आत राहतंच, ते सगळं कधी निघत नाही. अशा वेळी तयार कूलंट भरलं तर ते आणखी पातळ होतं, म्हणून धुतलं असेल तर कॉन्सन्ट्रेट आणलेलं बरं, प्रमाण तुमच्या हातात राहतं.

वायसर नवा टाका, दहा-वीस रुपयांसाठी जुना बसवून परत गळती शोधत बसू नका. बोल्ट मात्र जपून, ॲल्युमिनियममधले आटे आहेत, आखूड पाना दोन बोटांनी धरून आवळला तेवढं पुरे. चाकाचा नट आवळल्यासारखा जोर लावलात तर आटे हातात येतील आणि मग गॅरेजला जाणं आलंच.

भरताना नरसाळ्याने बारीक धारेने भरा, मधूनमधून रबरी पाइप हाताने दाबा, बुडबुडे येतील. तोंडापर्यंत भरलं, झालं काम? नाही झालं. आत हवा अडकलेली असते. कॅप उघडी ठेवून गाडी चालू करा, रेस न देता नुसती चालू ठेवा, डावीउजवीकडे थोडी कलती करा. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडला की पातळी एकदम खाली जाते, गाडी ढेकर देते म्हणा ना, की लगेच भरा. बुडबुडे थांबले, पातळी ठरली, की कॅप लावा, पंखा सुरू होऊन बंद होतोय ते बघा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी गार असताना परत एकदा कॅप उघडून बघा. माझं स्वतःचं एकदा हे राहिलं होतं, घाईत भरलं आणि निघालो, जुन्या कात्रज घाटाच्या चढाला टेंपरेचरचे दांडे भराभर वर, बाटली बघतो तर काठोकाठ. हवेचा फुगा बसला होता आत, बाकी काही नाही, पण तासभर घाटात माकडं बघत बसलो.

प्रश्न : माझ्या ड्यूक बाईकच्या बाटलीतलं कूलंट महिन्याला बोटभर कमी होतं पण जमिनीवर एक थेंब नाही. जातं कुठे? – एक वाचक, कोल्हापूर

गरम इंजिनवर थेंब पडला की जमिनीवर पोचायच्या आत सुकतो, म्हणून जमीन बघून उपयोग नाही. पाइपाच्या क्लिपांपाशी आणि पंपाखाली हिरवट-पांढरे डाग शोधा. पंपाला खाली एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून पाझरतं आणि आपल्याला कळतं. ते भोक एम-सील लावून बंद केलेल्या गाड्या मी बघितल्यात, हात जोडतो, असलं करू नका. तिथेही काही नसेल तर इंजिन ऑइल बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये जातंय, गाडी तिथेच उभी करा आणि टोइंग बोलवा. कॅपचं रबरही बघा, ते गेलं तरी कूलंट असंच कमी होतं, आणि तेवढंच निघावं अशी प्रार्थना करा कारण ते सगळ्यात स्वस्त.

प्रश्न : काका, काढलेलं जुनं कूलंट मोरीत ओतलं तर चालतं का? – एक वाचक, सातारा

नाही ताई. आणि गटारापेक्षाही मला काळजी परातीची आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही त्यांची किडनी जाते. परात पार्किंगमध्ये उघडी ठेवून फोन घ्यायला वर जाऊ नका. फरशीवर सांडलेलं भरपूर माती टाकून पुसा, ती माती पिशवीत बांधा. एखाद्या प्राण्याने चाटलंय असं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे, पहिले काही तास महत्त्वाचे. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर मोठ्या अक्षरात लिहा (कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर मुळीच नको, घरात पोरं असतात) आणि गॅरेजमध्ये द्या, पण त्यांच्या जुन्या ऑइलच्या पिंपात ओतू नका, वेगळं ठेवायला सांगा.

प्रश्न : घाटात मध्येच कूलंट संपलं तर पिण्याचं पाणी टाकलं तर चालेल का? – एक वाचक, जुन्नर

अडल्यावेळी चालेल. पण गाडी अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. घरी पोचलात की आठवड्याच्या आत सगळं काढून नीट भरा, आणि कमी का झालं ते शोधा.

प्रश्न : माझ्या हिमालयन बाईकला पुढे रेडिएटर दिसतो पण कूलंटची कॅपच सापडत नाही, दोन रविवार गेले. – एक वाचक, ठाणे

तुमची जुनी ४११ असणार. तो ऑइल कूलर आहे हो, त्यात इंजिन ऑइलच फिरतं. कूलंटवाली हिमालयन २०२३च्या शेवटी आली, ती ४५०. तिसरा रविवार फिरायला जा.

प्रश्न : स्प्लेंडरमध्ये कूलंट कुठून टाकायचं? – एक वाचक, बार्शी

कुठूनच नाही. ती हवेवर गार होते. इंजिनच्या पट्ट्यांमध्ये शेतातला चिखल वाळून बसला असेल तो जुन्या टूथब्रशने काढा आणि ऑइल वेळेवर बदला.