म्युनिकचं घड्याळ, खानापूरची झोप

प्रश्न : नमस्कार सर, लेक म्युनिकला असते. तिचा फोन रोज रात्री साडेनऊला यायचा, ऑक्टोबर संपला नि एकदम साडेदहाला यायला लागला, पहिल्या दिवशी तर ह्यांना वाटलं काय झालं की काय! ती म्हणते आई घड्याळ मागं केलंय. हे बंद होणार असं ऐकते, मग होईना का? आणि बंद करावं का?
– एक आई, खानापूर

उत्तर : मावशी, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जर्मन गिऱ्हाइकाचं काम बघणारा आमच्या ओळखीचा पोरगा पण दर वर्षी मीटिंगला एक तास आधी जाऊन बसतोय. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढं करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं, म्हणून आपल्या नि त्यांच्या वेळेतलं अंतर कधी साडेतीन तास कधी साडेचार. जर्मनीनं हे १९१६ ला पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायला सुरू केलं, म्युनिकला जूनात १६ तास उजेड नि डिसेंबरात जेमतेम आठ-साडेआठ, त्यामुळं संध्याकाळचा उजेड वापरायची आयडिया तेव्हा पटण्यासारखी होती. आपल्याकडं असला खेळ करून काय मिळणार, जूनचा दिवस डिसेंबरपेक्षा दोन तास पण मोठा नाही!

बंद करायला लोक तयार आहेत की. २०१८ ला युरोपात ४६ लाख लोकांनी मत कळवलं, त्यात ८४ टक्के बंद करा म्हणाले, २०१९ ला तिथल्या संसदेनं २०२१ पासून बंद करायचं मंजूर पण केलं. पण गाडी अडली देशांच्या सरकारांपाशी, कारण मग कायमचं घड्याळ कुठलं, उन्हाळ्याचं की हिवाळ्याचं? उन्हाळ्याचं ठेवलं तर माद्रिदला जानेवारीत सूर्य साडेनऊनंतर उगवणार. अमेरिकेनं १९७४ च्या जानेवारीत कायमचं उन्हाळ्याचं घड्याळ करून बघितलंय, पोरं अंधारात शाळेला जायला लागली तशी बोंबाबोंब झाली आणि त्याच वर्षी गुंडाळलं.

माझं विचाराल तर बंदच करावं, आणि ठेवायचं तर हिवाळ्याचंच. आपल्यावरनंच बघा, आपली वेळ मिर्झापूरकडच्या साडेब्याऐंशी रेखांशावरची, बेळगाव साडेचौऱ्याहत्तरवर, म्हणजे आपलं घड्याळ सूर्याच्या अर्धा तास पुढंच पळतंय, जानेवारीत सात वाजले तरी सूर्य उगवत नाही, त्यात अजून एक तास घातला तर डेअरीला दूध घालणाऱ्यांनी काय करायचं, म्हशीला कोण समजावणार?

तोवर कॅलेंडरवर मार्चच्या शेवटच्या रविवारला गोल करून ठेवा, त्या दिवसापासून फोन परत साडेनऊला येईल.