प्रश्न तुमचे: कॅरॅव्हॅनला जनरेटर कोणता घेऊ?

प्रश्न (पुणे): आम्ही ट्रॅव्हलर गाडी घेऊन आतून कॅम्परव्हॅन करून घेतलीय. १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज, दोन फॅन, लाइट, पाण्याचा पंप आणि २०० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठ्याचं माप) लिथियम बॅटरी बसवलीय. दिवाळीत कोकण आणि जूनमध्ये लेह असा प्लॅन आहे. दुकानदार म्हणतो ३ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप) जनरेटर घ्या, एसीपण चालेल. मेहुणे म्हणतात जनरेटर नकोच. कुणाचं ऐकू?

उत्तर: मेहुण्यांचं अर्धं ऐका. दुकानदाराचं ऐकायचं की नाही ते एसीवर ठरतं, कारण तुमच्या यादीत एसी काढला तर मोठं असं काही उरतच नाही. हिशोब बघा. फ्रिज चालू असताना ४०-५० वॅट घेतो आणि आपल्याकडच्या उकाड्यात साधारण निम्मा वेळ चालू राहतो, म्हणजे दिवसाला अर्धं-पाऊण युनिट. फॅन, लाइट, पंप, मोबाइल, लॅपटॉप सगळं धरून अजून तेवढंच म्हणा. झालं रोजचं एक ते सव्वा युनिट. तुमच्या बॅटरीत अडीच युनिट मावतात, म्हणजे दोन दिवस तुम्ही एका जागी बसलात तरी काहीही बंद पडणार नाही, आणि गाडी चालताना अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) चार्जिंग होईल असा डीसी-डीसी चार्जर बसवला (बसवाच) तर रोज फिरणाऱ्या माणसाला जनरेटर लागतच नाही.

लागतो तो तीन-चार दिवस एकाच जागी मुक्काम असेल तेव्हा. आणि तेव्हा त्याचं काम बॅटरी भरायचं, गाडीतली उपकरणं थेट चालवायचं नाही. एकदा हे डोक्यात बसलं की १ केव्हीएचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर (लोडप्रमाणे इंजिन हळू-जोरात करणारा) पुरतो, तेरा-चौदा किलोचा असतो, एका हाताने उचलता येतो. ४० अँपिअरचा लिथियमचा चार्जर त्याच्याकडून साधारण ६५० वॅट घेतो, दोन तास चालवला की दिवसभराची वीज बॅटरीत, पेट्रोल जातं लिटरभर. जनरेटरवर १२ व्होल्टचं एक सॉकेटपण असतं, बरेच जण त्यातूनच बॅटरीला वायर जोडतात, तसं करू नका, त्यातून आठेक अँपिअर येतात आणि ते लिथियमच्या हिशोबाने कंट्रोल केलेले नसतात. २३० व्होल्टच्या सॉकेटमधून नीट चार्जर लावूनच भरा.

आता एसी. एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास घेतो, पण जुन्या पद्धतीचा कंप्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि तिथेच छोटा जनरेटर मान टाकतो. वर बॉक्सवर २ केव्हीए लिहिलेला सेट सलग १६००-१८०० वॅटच देतो, मोठा आकडा तेवढ्यापुरता असतो, घेताना ‘रेटेड’ किती ते विचारा. समजा घेतलाच ३ केव्हीए. मग एसी लावून झोपायचं म्हणजे जनरेटर रात्रभर खिडकीखाली धडधडणार, शेजारचे उठून येणार, आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही झोपलेले असताना बाहेर धूर चालू. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एसी हवा त्या रात्री प्लग मिळेल अशा ठिकाणी उतरा. एमटीडीसीच्या किंवा खाजगी रिसॉर्टला आधी फोन करून विचारा की पार्किंगजवळ १६ अँपिअरचा मोठा प्लग आहे का, मोबाइल चार्जिंगच्या छोट्या सॉकेटवर एसी लावू देणार नाहीत आणि लावूही नये.

लेहचं वेगळं. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद जाते, दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के. महाबळेश्वरलाच पंधराएक टक्के जातात, लेह ३५०० मीटरवर आहे, तिथे चाळीस टक्के गेले समजा, आणि कार्बोरेटर उंचीसाठी सेट केलेला नसेल तर अजून जास्त, शिवाय काळा धूर. म्हणजे इथे ९०० वॅट देणारा १ केव्हीएचा जनरेटर तिथे जेमतेम ५००-५५० देईल. आधी सांगितलेला चार्जर त्याला झेपणार नाही, त्यामुळे करंट कमी करता येतो असा चार्जर घ्या, २० अँपिअरवर ठेवा, चार तास लागतील, लागू देत. हे बघून २ केव्हीए घ्यावासा वाटला तर घ्या, त्याला माझी ना नाही, फक्त वीसेक किलो वजन उचलायची तयारी ठेवा.

वापरताना गाडीपासून निदान वीस फूट लांब, वारा गाडीकडून जनरेटरकडे जाईल असा, सायलेन्सरचं तोंड पलीकडे. पाऊस आला म्हणून ऑनिंगखाली (गाडीच्या बाजूला उघडायचं कापडी छप्पर) आणायचा नाही, बंद करायचा. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, झोपता त्या उंचीवर. वायर अडीच स्क्वेअर एमएमची आणि पूर्ण उलगडलेली. सपाट जागेवर ठेवा, तिरका ठेवला की ऑइल कमी आहे समजून इंजिन आपोआप बंद पडतं आणि लोक मेकॅनिक शोधत बसतात. आणि अजून एक, छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा बॉडीला जोडलेला नसतो, त्यामुळे गाडीतला आरसीसीबी (शॉक बसताना वीज तोडणारा स्विच) गरजेच्या वेळी ट्रिप होईलच असं नाही, एकदा इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या.

प्रश्न (कोल्हापूर): शेतावर २.५ केव्हीएचा उघड्या फ्रेमचा पेट्रोल जनरेटर आहे, गणपतीत मंडळालापण देतो. तोच नेला तर?

उत्तर: बॅटरी भरायला चालेल, चार्जर शेवटी डीसीच करतो. पण तो ५० हर्ट्झ राखायला सतत ३००० आरपीएमवर पळतो, एक बल्ब लावा नाहीतर दहा, आवाज तोच. इन्व्हर्टरवाला लोडप्रमाणे हळू-जोरात होतो, फरक तिथे आहे. शिवाय चाळीसएक किलो चढवणार-उतरवणार कोण? आणि तो वर्षातून दोनदाच चालू करत असाल तर प्रत्येक वेळी पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी सुटतं, कार्बोरेटर चोक होतो.

प्रश्न (रेडिंग, इंग्लंड): लेक डिस्ट्रिक्टला कॅरॅव्हॅन नेतोय, जनरेटर घेऊ का? साइटवर हुक-अप (गाडीला वीज घ्यायचा प्लग) आहे.

उत्तर: हुक-अप असेल तर अजिबात नको, तिथल्या बऱ्याच साइट्सवर जनरेटर चालूच देत नाहीत. फक्त बुकिंग करताना हुक-अप किती अँपिअरचं ते बघा. १० असेल तर २३०० वॅट मिळतात आणि तुमच्या घरची केटल ३ किलोवॅटची असणार, पहिल्याच चहाला ट्रिप. हजार वॅटची छोटी केटल न्या, आणि ती चालू असताना हीटर बंद.