नोकरी सोडून सेफ्टीचा डिप्लोमा करावा का?

प्रश्न (नाव न देण्याच्या विनंतीवरून): वय ३३, यांत्रिकीचा डिप्लोमा. कुरकुंभ एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात ११ वर्षं युटिलिटी विभागात, म्हणजे बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर. हातात ३८,००० रुपये, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २२,०००. पत्नी बालवाडीत शिकवते, तिचे ७,०००. घरकर्जाचा हप्ता ११,५००, घरखर्च १९,०००, एसआयपी ३,०००, एलआयसीचा वर्षाला २४,००० हप्ता. बँकेत २,४०,००० ची मुदत ठेव. दौंडला राहतो, आईवडील सोबत, मुलगी ५ वर्षांची. वडिलांची थोडी ऊसशेती. पगार अडकलाय. तीन वाटा दिसतात. एक, नोकरी सोडून मुंबईला वर्षभर औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा: फी ६०,०००, खोली आणि मेस महिना ८,०००. सेफ्टी ऑफिसर झालेल्या जुन्या सहकाऱ्याला हातात ५५,००० मिळतात. दोन, एआय आणि डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स, २,८५,००० रुपये, 'नो कॉस्ट ईएमआय'वर २४ हप्ते. तीन, नोकरी करत बी.टेक., वर्षाला ८५,०००. कोणती निवडू?

उत्तर:

नमस्कार. तुम्ही आकडे सविस्तर लिहिलेत, त्यामुळे काम सोपं झालं. बहुतेक पत्रांत फी तेवढी असते आणि घरखर्चाचा पत्ता नसतो.

ऑनलाइन कोर्सचा विषय आधी संपवतो, कारण त्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. २,८५,००० भागिले २४ म्हणजे महिना ११,८७५. तुमच्या घरात दोघांचे मिळून ४५,००० येतात आणि एलआयसीसकट ३५,५०० जातात. उरतात ९,५००. म्हणजे कोर्सचा हप्ता तुमच्या सगळ्या शिलकीपेक्षा मोठा आहे. घरकर्ज धरलं तर दोन हप्त्यांतच निम्म्याहून जास्त उत्पन्न जाईल. 'नो कॉस्ट' या शब्दांवर जाऊ नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठे तरी किमतीत मुरवलेलं असतं. शिवाय हे कर्ज एखाद्या वित्त कंपनीचं असतं, कोर्सवाल्यांचं नसतं. तिसऱ्या महिन्यात नाइट शिफ्टमुळे अभ्यास सुटला तरी हप्ता सुटत नाही, आणि चुकला तर सिबिलवर उमटतो. कायद्याने मान्य पदवी किंवा पदविका न देणाऱ्या अशा खासगी कोर्सवर १८ टक्के जीएसटी असतो. तुमच्या २,८५,००० मध्ये तो धरलेला असेल तर सुमारे ४३,५०० रुपये निव्वळ कराचे झाले.

त्या कोर्सच्या प्रतिनिधीने शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळेल असंही सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. ती सूट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे तुमचा कर आजही शून्यच आहे. शून्यातून काय वाचवणार? असली वाक्यं सरसकट सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवली जातात.

आता मुद्द्याचं. तांत्रिक क्षेत्रातल्या कुठल्याही प्रमाणपत्राबद्दल मी एकच गोष्ट आधी विचारतो: हा कागद मागायला कोण बांधील आहे? काही कागद कायदा मागतो. तो माणूस नेमला नाही तर कारखान्याच्या मालकावर कारवाई होऊ शकते. काही कागद कंपनीचा स्वतःचा नियम मागतो, जसं 'असिस्टंट मॅनेजरच्या वर डिग्रीशिवाय नाही'. आणि काही कागद कुणीच मागत नाही, ते विकणाराच तेवढे मागवून घेतो. डेटा सायन्सचा कोर्स मुळात वाईट असतो असं नाही, पण बॉयलर हाऊसमधल्या ११ वर्षांच्या अनुभवाला त्याचं गिऱ्हाईक नाही. तिथे तुम्ही २२ वर्षांच्या फ्रेशरशेजारी रांगेत उभे राहाल, आणि त्याला घरकर्ज नसेल.

सेफ्टीचा कागद पहिल्या प्रकारातला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात १,००० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला सेफ्टी ऑफिसर नेमणं बंधनकारक होतं, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर सरकार त्याहून लहान कारखान्यालाही ते सांगू शकत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५०० वर आली आहे, आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० वर. केमिकलच्या पट्ट्यात काम करणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शिवाय सेफ्टी ऑफिसरला बहुसंख्य कामगारांची भाषा यावी, अशी अपेक्षा नियमांत आहे. कुरकुंभला, रांजणगावला, लोट्याला ती मराठी आहे, आणि कामगारांशी मराठीत बोलण्याची ११ वर्षांची सवय ही तुमची जमेची बाजू.

म्हणजे दिशा बरोबर आहे. पण नोकरी सोडून जाण्याचा बेत मला पटत नाही. का, ते आकड्यांत पाहू.

तुम्ही खर्च धरलाय फी ६०,००० आणि राहण्याचे ९६,०००, एकूण १,५६,०००. पण वर्षभराचा बुडणारा पगार ४,५६,००० आहे. मूळ पगारावर १२ टक्क्यांनी कंपनी भरते तो पीएफ वर्षाला ३१,६८०. बेरीज ६,४३,६८०. डिप्लोमा झाल्यावर नोकरी दुसऱ्याच दिवशी लागत नाही. तीन महिने शोधात गेले असं धरलं तर आणखी १,१४,०००, म्हणजे खरी किंमत ७,५७,६८०.

मिळणार काय? सहकाऱ्याचे ५५,००० धरले तर महिना १७,००० जास्त, वर्षाला २,०४,०००. पावणेचार वर्षांत पैसे वसूल. ३३ व्या वर्षी हा सौदा वाईट नाही, हे मान्य. पण त्या सहकाऱ्याला सेफ्टीत किती वर्षं झाली ते विचारलंत का? नव्या सेफ्टी ऑफिसरला सुरुवातीला ४५,००० मिळाले असं धरा. मग वाढ महिना ७,००० ची, आणि तेच पैसे वसूल व्हायला नऊ वर्षं लागतात. सगळं गणित त्या एका आकड्यावर उभं आहे आणि तो आकडा तुम्ही एका माणसाकडून ऐकलाय. गेल्या दोन वर्षांत डिप्लोमा केलेल्या तीन-चार जणांना सुरुवातीचा पगार विचारा. सांगतात लोक.

त्याहून अवघड प्रश्न रोख रकमेचा. त्या वर्षात एसआयपी थांबवली तरी हप्ता, घरखर्च आणि एलआयसी मिळून महिना ३२,५०० लागतीलच. पत्नीचे ७,००० वजा केले तर वर्षाची तूट ३,०६,०००. त्यात फी आणि मुंबईचा खर्च मिळवला की ४,६२,०००. तुमच्याकडे ठेव २,४०,००० आहे, आणि नोकरी सोडल्यावर ग्रॅच्युइटी मिळेल: २२,००० गुणिले १५ भागिले २६, गुणिले ११ वर्षं, म्हणजे साधारण १,३९,६००. दोन्ही संपवूनही ८२,००० च्या वर कमी पडतात. तेही कुणी आजारी पडलं नाही तर. आणि ग्रॅच्युइटीसाठीची सलग सेवा नव्या कंपनीत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाईल.

'उसाचं बिल आलं की भागेल' असं तुम्ही लिहिलंय. गाळपाला ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी असा १९६६ पासूनचा आदेश आहे. दौंडच्या माणसाला मी त्याबद्दल काय सांगू! त्या पैशावर फीची तारीख बांधू नका. शिवाय तो पैसा वडिलांचा आहे.

आजारपणाचं आणखी एक. पगार थांबला की कंपनीचा मेडिक्लेमही थांबतो, आणि आईवडील त्यातच आहेत. आईला मधुमेह आहे असं लिहिलंत. स्वतंत्र पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. म्हणून नोकरी सोडा किंवा न सोडा, कुटुंबाची स्वतःची आरोग्य पॉलिसी आत्ताच सुरू करा, म्हणजे ती मुदत आजपासून मोजली जाईल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झालाय. आईवडिलांसाठी वेगळी पॉलिसी घ्या. एकाच फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीत घातलं तर त्यांच्या वयामुळे सगळ्यांचाच प्रीमियम चढतो.

बी.टेक.बद्दल थोडक्यात. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत पदवी सुरू केली आहे. डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे तीन वर्षं आणि तुमच्या हिशोबाने २,५५,००० रुपये. पण त्यात कामाचं किंवा राहण्याचं ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत असावं लागतं, आणि फिरत्या शिफ्टमध्ये हजेरी कशी भरणार हे मला दिसत नाही. एचआरला एकच विचारा: डिग्री नाही म्हणून माझी बढती नेमकी कुठे अडते? उत्तर स्पष्ट मिळालं तरच या वाटेचा विचार करा. आणि कुणी एजंट घरबसल्या बी.ई. करून देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या. दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगची पदवी देण्याला यूजीसीची परवानगी नाही, आणि काही अभिमत विद्यापीठांनी दिलेल्या अशा पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात टाच आणली, तेव्हा नोकरीत असलेल्यांचीही झोप उडाली होती. एएमआयईचं, म्हणजे इंजिनिअर्सच्या संस्थेच्या परीक्षेचं नावही कानावर येईल. ३१ मे २०१३ नंतर नोंदणी केलेल्यांसाठी ती पदवीच्या बरोबरीची धरली जात नाही.

तुम्ही न लिहिलेली एक वाट मला सर्वात आधी दिसली. अकरा वर्षं बॉयलरवर आहात, तर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा, ज्याला सगळे बीओई म्हणतात, ती का नाही? हाही कायद्याने मागितलेलाच कागद. मोठा बॉयलर प्रमाणपत्रधारक माणसाशिवाय चालवता येत नाही. १९२३ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा बॉयलर कायदा आला, तरी ही अट तशीच आहे. यांत्रिकीचा डिप्लोमा आणि बॉयलरवरचा ठरावीक अनुभव असलेल्याला परीक्षेला बसता येतं. लेखी आणि तोंडी परीक्षा असते, नोकरी सोडावी लागत नाही आणि खर्च मुख्यतः परीक्षा शुल्काचा, पुस्तकांचा. बाष्पके संचालनालयाची अधिसूचना काढून पात्रता वाचा आणि अनुभवाचा दाखला कंपनीकडून आत्ताच मागून ठेवा, त्यात बॉयलरचा तपशील नीट लिहून घ्या. अर्जाच्या आदल्या आठवड्यात दाखला मागितला की साहेब नेमके रजेवर असतात.

गल्फमध्ये असलेल्या मित्राने नेबॉश, म्हणजे सुरक्षेचं ब्रिटिश प्रमाणपत्र, सुचवल्याचं तुम्ही लिहिलंय. ते तिकडच्या नोकरीच्या जाहिरातींसाठी उपयोगी आहे. इथल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून नेमणूक व्हायला राज्याने मान्य केलेली पदविकाच लागते. महिन्याभरात 'सेफ्टी डिप्लोमा' देणारी दुकानं पुण्यापासून बारामतीपर्यंत आहेत. तो कागद कुणाच्या मान्यतेचा आहे हे पैसे भरण्याआधी महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या यादीवर तपासा.

तर माझा क्रम असा. यंदा बीओई. सेफ्टीचा डिप्लोमा नोकरी सांभाळून करता येईल अशा मान्य संस्थेत, किंवा कंपनीच्या खर्चाने. पगार चालू राहिला तर डिप्लोमाची किंमत ६०,००० आणि प्रवासखर्च एवढीच राहते, मग सुरुवातीची वाढ फक्त ७,००० ची असली तरी वर्षभरात वसूल. नवी संहिता आल्यापासून तुमच्या कंपनीलाही पात्र माणूस लागणार असेल. प्लँट हेडला जाऊन सरळ विचारा: बाहेरून आणण्यापेक्षा मला शिकवता का? दोन वर्षं थांबावं लागलं तरी चालेल. तोपर्यंत शिलकीतल्या ९,५०० मधून आरोग्य विम्याचा प्रीमियम काढा आणि उरलेले आवर्ती ठेवीत टाका. मुदत ठेवीला हात लावू नका, ती सात महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता आहे. एलआयसी पॉलिसीत विमा रक्कम किती ते कळवलं नाहीत. घरकर्जाएवढीही नसेल तर वेगळा टर्म प्लॅन घ्या.

कंपनीने फी भरली तर बॉण्ड, म्हणजे ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार मागेल. त्याला घाबरू नका, पण वाचून सही करा. 'कोर्टात टिकत नाही' असं कँटीनमध्ये सांगणारे बरेच भेटतील. मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला आहे. मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त नसावी, रक्कम प्रत्यक्ष फीएवढीच असावी आणि दर महिन्याला ती कमी होत जावी, या तीन गोष्टी लेखी मागा. कंपनीनेच कामावरून काढलं तर पैसे परत द्यावे लागणार नाहीत, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.