ग्रीनलंड शार्क आणि ओरेगॉनची अळंबी : वयाने थोरले कोण?

प्रश्न : ग्रीनलंड शार्क सुमारे चारशे वर्षे जगतो आणि अमेरिकेतील एक अळंबी हजारो वर्षांची आहे, असे वाचनात आले. आपल्याकडे पावसाळ्यात उगवणारी अळंबी तर चार दिवसांत कुजते. मग या दोघांची तुलना कशी करावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चार दिवसांत कुजते ती नुसती बीजाणू उधळणारी छत्री, मूळ जीव म्हणजे जमिनीत आणि लाकडात पसरलेले कवकजाल. ओरेगॉन राज्याच्या मॅल्हर राष्ट्रीय अरण्यातील ‘आर्मिलारिया ऑस्टॉयी’ ही अळंबी बुटाच्या नाडीसारख्या काळ्या तंतूंनी एका झाडाच्या मुळांवरून दुसऱ्याच्या मुळांवर जाते आणि सूचिपर्णी वृक्षांच्या सालीखाली शिरून त्यांना मारते. ठिकठिकाणच्या मुळांतून घेतलेले नमुने प्रयोगशाळेत शेजारी वाढवले असता एकाच जीवाचे तुकडे परस्परांत मिसळतात, परक्यांमध्ये मात्र सीमारेषा उमटते. या परीक्षेतून आणि डीएनए तपासणीतून सुमारे 965 हेक्टरांवर एकच जीव पसरल्याचे दिसून आले. त्याचे वय प्रत्यक्ष मोजलेले नाही. पसाऱ्याला वाढीच्या वेगाने भागून ते काढले आहे, म्हणूनच अंदाज 1,900 ते 8,650 वर्षे इतका सैल आहे.

शार्कच्या बाबतीत पुरावा त्याच्या शरीरातच मिळतो. आपल्या मुशीप्रमाणे त्याचाही सांगाडा कूर्चेचा असतो, आणि त्याचे मणके इतके मऊ असतात की इतर अनेक शार्कांप्रमाणे त्यांतील वर्तुळे मोजण्याची सोय नाही. परंतु डोळ्यातील भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्मापूर्वी तयार होतात आणि पुढे बदलत नाहीत. 28 माद्यांच्या भिंगांतील किरणोत्सारी कार्बन मोजून केलेल्या 2016 च्या अभ्यासात पाच मीटर लांबीच्या सर्वांत मोठ्या मादीचे वय 392 वर्षे, अधिक-उणे 120, असे निघाले.

दोन्ही आकडे एका रांगेत मांडणे मला योग्य वाटत नाही. शार्क एकदा जन्मतो आणि एकदा मरतो. कवकजालाचा एक भाग मेला, तरी उरलेला पुढे सरकत राहतो, आणि मधोमध तुटले तर दोन्ही तुकडे जनुकीय दृष्ट्या तोच जीव म्हणून वाढतात. व्यवहारात अधिक महत्त्वाचे आहे ते शार्कचेच वय. याच अभ्यासानुसार मादी प्रजननक्षम व्हायला सुमारे 150 वर्षे लागतात, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यकृताच्या तेलासाठी या माशाची प्रचंड शिकार झाली. त्या काळात जन्मलेल्या माद्यांना अजून पिल्लेही झालेली नसतील.