सहा वर्षांच्या मुलीला मीटर, लिटर, किलो कसे शिकवावेत?

कोष्टक पाठ करून घेण्याआधी मापं तिच्या हाताला कळू द्या. मी प्राथमिकच्या मुलांना शिकवते. ‘एक किलो म्हणजे हजार ग्रॅम’ घडाघडा म्हणणारी मुलं किलोभर साखर आणि पावकिलो रवा हातात घेऊन ओळखताना अडखळतात. सुरुवात अशी करा:

- अर्ध्या लिटरच्या दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या पाण्याने भरून लिटरच्या बाटलीत ओतायला लावा. सांडेल, सांडू दे.
- ती भरलेली बाटली उचलू द्या: एक लिटर पाण्याचं वजन जवळपास एक किलो.
- शिंप्याच्या टेपने दार, टेबल, आजोबा मोजू द्या. पण आधी अंदाज, मग माप. खरं शिक्षण त्या अंदाजातच होतं.

सहा-सात वर्षांपर्यंत अनेक मुलांना उंच, अरुंद पेल्यातलं पाणी पसरट भांड्यातल्या तेवढ्याच पाण्यापेक्षा जास्त वाटतं. स्विस बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी हे प्रयोगांतून दाखवलं होतं. तेव्हा त्यावर रागावू नका, पुन्हा ओतून दाखवा. मात्र सेंटिमीटरचे मीटर, ग्रॅमचे किलो ही रूपांतरं हजारापर्यंतच्या संख्या पक्क्या झाल्यावरच घ्या.